गुडघा कुठला, टाच कुठली?

कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला आपला विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा आहे. शेजारी मोठी गोशाळा आहे. तिथल्या गाईचा गुडघा दाखवा म्हटलं, तर बहुतेकांचं बोट चुकेल.

सुश्रुतसंहितेत शरीराची सहा अंगं आहेत: दोन हात, दोन पाय, धड आणि डोकं. मर्मं १०७: हातापायांत ४४, छाती-पोटात १२, पाठीत १४, मान-डोक्यात ३७. कुठली जखम जिवावर बेतेल, हे ओळखायला ही वाटणी. आम्हा फौजींना ती लगेच पटते.

जनावरांत मात्र नावं फसवतात. गाय-घोड्याच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणजे आपलं मनगट. मागच्या पायाचा उलटा वाटणारा सांधा म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ. घोडा तर एकाच बोटावर उभा असतो, खूर हे त्याचं नख.

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र-अश्वशास्त्राच्या पोथ्या आहेत आणि नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदीही. मराठ्यांचं राज्य घोड्याच्या पाठीवर उभं राहिलं. लंगडणाऱ्या घोड्याचा नेमका सांधा ओळखता आला नाही, तर लेप वाया आणि स्वार पायदळात!