पुस्तकातली आई कोणतं काम करते?

कामं आवरली असतील किंवा नसतील, रेडिओ जवळ ठेवा आणि हात चालू असू द्या. आजची गोष्ट लांबची आहे, अमेरिकेतली. पण ती आहे लेकरांच्या इंग्रजीच्या पुस्तकाची, आणि ते पुस्तक आता आपल्याही घरात आलंय. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी एबीसीडी दहाव्या-अकराव्या वर्षी गिरवली, आपली लेकरं सहाव्या वर्षीच गिरवतात. त्या वयात चित्रात जे दिसतं ते मनात पक्कं बसतं.

तर अमेरिकेत 1930 साली पहिलीच्या वाचनाच्या पुस्तकात एक कुटुंब आलं. डिक नावाचा मुलगा, जेन नावाची मुलगी, धाकटी सॅली, एक कुत्रा, एक मांजर आणि आईबाप. पुस्तकाची रीत सोपी होती. थोडेच शब्द घ्यायचे आणि तेच पुन्हा पुन्हा वापरायचे, म्हणजे शब्द दिसला की पोराला ओळखू यावा. पळ, बघ, ये, असले शब्द. शिकवायची रीत म्हणून त्यात वाईट काही नव्हतं. लाखो मुलं त्यावर वाचायला शिकली.

पण चित्रं बघा. छानसं घर, पुढं हिरवळ. बाप कोट घालून कामाला जातो, आई घरात. डिक पळतो, चढतो, काहीतरी करून दाखवतो. जेन बघते. आणि सगळे गोरे. त्याच देशात लाखो काळी कुटुंबं राहत होती, त्यांची मुलंही हीच पुस्तकं वाचत होती, पण पस्तीस वर्षं त्या पुस्तकात त्यांच्यासारखं घर नव्हतं. काळ्या लोकांनी हक्कांसाठी मोठा लढा दिला, 1964 साली कायदा झाला, आणि 1965 च्या आवृत्तीत पहिल्यांदा एक काळं कुटुंब आलं. माइक आणि त्याच्या जुळ्या बहिणी, पॅम आणि पेनी. त्यांचं घर, कपडे, खेळ मात्र डिक-जेनसारखेच. नुसता रंग बदलला, अशी टीका तेव्हाच झाली, आणि मला ती पटते. शेजारी म्हणून आत घ्यायचं, पण तुमचं घर आमच्यासारखं दिसलं पाहिजे, असा हा प्रकार.

टोनी मॉरिसन या काळ्या लेखिकेची पहिली कादंबरी 1970 साली आली. पुढं 1993 साली त्यांना नोबेल मिळालं. ती कादंबरी सुरू होते ती डिक-जेनच्या पुस्तकाच्या धर्तीवरच्या मजकुरानं. आधी तो नीट छापलाय, मग विरामचिन्हं काढून, मग शब्दांतल्या जागाही काढून, सगळं एकात एक गिचमिड. आणि कादंबरीतली काळी पोर काय मागते? निळे डोळे. पुस्तकातल्या पोरीसारखे.

आता आपल्या कामाची गोष्ट. न्यू जर्सी राज्यातल्या काही बायका एकत्र आल्या. मुलांची पुस्तकं चाळताना त्यांना काहीतरी खटकत होतं. खटकतंय एवढं म्हणून कोणी ऐकत नाही, हे तुम्हाला बचत गटाच्या बैठकीत आणि ग्रामसभेत चांगलंच कळलंय. म्हणून त्यांनी मोजलं. 14 प्रकाशकांची 134 पुस्तकं घेतली, त्यातल्या 2760 गोष्टी वाचल्या आणि एकेक नोंद केली. गोष्ट मुलाची की मुलीची? संकटातून वाट कोण काढतं? रडतं कोण? कामावर कोण जातं?

आकडे 1972 साली छापले. मुलींच्या दर 2 गोष्टींमागे मुलांच्या 5. मोठ्या माणसांच्या गोष्टी पाहिल्या तर बाईच्या एकीमागे पुरुषांच्या 3. थोरामोठ्यांची चरित्रं पाहिली तर एका बाईमागे 6 पुरुष. पुरुषांना 150 च्या जवळपास वेगवेगळे कामधंदे, बायकांना 25 च्या आसपास. आणि आई? आई बहुतेक वेळा ॲप्रन बांधून. ॲप्रन म्हणजे पुढं बांधायचं ते फडकं. खरं तर तेव्हा अमेरिकेत कितीतरी आया नोकरीला जात होत्या. पुस्तकाला त्या दिसल्याच नव्हत्या. जनगणनेवाला आला आणि बाई काय करते विचारलं, की घरातून उत्तर जातं ना, काही नाही, घरीच असते? दोन म्हशींच्या धारा काढून, निंदून आलेली बाई दारात उभी असते तरी. तसंच हे.

बायकांनी नुसतं छापून ठेवलं नाही, चित्रांच्या स्लाइड बनवून त्या लोकांना दाखवल्या. देशभर असा आवाज उठत होताच. त्याच वर्षी डिक-जेनची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकानंही पुस्तकात स्त्रिया कशा दाखवाव्यात याचे नियम काढले.

आपल्याकडेही थोडं हललंय. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं, डॉक्टर म्हणून बाई आली. पण गावोगावच्या इंग्रजी शाळांत खाजगी प्रकाशकांची पुस्तकं चालतात, ती कोण बघतं? दुष्काळी तालुक्यातलं पोर पावसाला परत जायला सांगणारं इंग्रजी गाणं तालासुरात म्हणतं, आणि आजी कपाळाला हात लावते. आपण तर पावसाला पैसा देऊन बोलावणारी माणसं.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं इंग्रजीचं एक पुस्तक आणा. वाचता येत नसलं तरी चालेल, चित्रं मोजायचीत. वहीत दोन रकाने पाडा, बाई आणि पुरुष. घराबाहेरच्या कामात कोण किती वेळा दिसतं ते लिहा. आणि शेतकऱ्याचं चित्र असेल तर थांबून बघा, नांगर-विळा कोणाच्या हातात आहे आणि बाई चित्रात असलीच तर नुसती न्याहारी घेऊन आली आहे का. आकडे आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या महिन्यात गावांच्या नावानिशी वाचून दाखवू.