प्लेगची वाट

इसवी सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं तापानें फणफणलेले व जांघेंत गांठ आलेले कांहीं रोगी तपासले आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचें निदान केलें. या रोगाचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं हाँगकाँग येथें यर्सिन यांनीं ओळखला होता. शत्रु कळला होता. परंतु तो घरांत कोणत्या वाटेनें शिरतो, हें मात्र कळलें नव्हतें.

या अज्ञानाची झळ लोकांना सोसावी लागली. गटारें औषधी पाण्यानें धुतलीं गेलीं, घरांना चुना फासला गेला, आगगाडीचे उतारू उतरवून तपासले गेले. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत गोरे सोल्जर घरोघर शिरून देवघरापर्यंत झडती घेऊं लागले. त्या संतापांतूनच २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां, सावित्रीबाई फुले यांचा प्लेगनेंच अंत झाला.

खरी खूण मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं बिऱ्हाड माळावर हलवावें, हें खेड्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही अनुभवानें कळलें होतें. १८९८ सालीं कराची येथें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं प्रयोगानें त्याचें कारण दाखविलें. मेलेला उंदीर थंड पडला कीं त्याच्या अंगावरील पिसवा त्याला सोडतात व जवळच्या माणसाला चावतात. विद्वानांनीं प्रथम हें मानलें नाहीं. १९०५ पासून मुंबईंत झालेल्या प्रयोगांनीं तें सिद्ध झालें. पुढें १९१४ सालीं बेकॉट व मार्टिन यांनीं दाखविलें कीं, जंतूंनीं पिसवेच्या पोटाचें द्वार बुजतें. म्हणून भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि शोषलेलें रक्त जंतूंसह जखमेंत ओकते.

वाट कळली आणि उपायांना नेम सांपडला. उंदरांचा नाश व धान्याच्या कोठारांचा बंदोबस्त यांवर भर आला. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं मुंबईंत आधीं स्वतःच टोंचून घेतलेली लसही जोडीला होतीच. रोग फुप्फुसांत उतरला तर मात्र तो खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे जातो. तेथें रोगी वेगळा ठेवणें हेंच इष्ट. पटकी पाण्यावाटे येते, हिंवताप डासावाटे. वाट ओळखल्यावांचून घातलेला बंध रोगाला अडवीत नाहीं, माणसांना मात्र छळतो.