ऋणाचे घड्याळ



न्यू यॉर्क शहरात सेमूर डर्स्ट नावाच्या एका धनिक इमारतमालकाने १९८९ साली एक विलक्षण घड्याळ टांगले. ते वेळ दाखवीत नसे. अमेरिकन सरकारावरील कर्जाचा क्षणोक्षणी वाढणारा आकडा आणि त्यातील एका कुटुंबाचा वाटा ते दाखवी. २००० साली कर्ज जरा उतरू लागले, तेव्हा त्यावर पडदा टाकण्यात आला. २००२ साली तो काढावा लागला. पुढे २००८ मध्ये कर्ज दहा लाख कोटी डॉलरांवर गेले, तेव्हा आकड्यांना जागाच पुरेना. डॉलरच्या चिन्हाला हुसकून त्याच्या घरात एक आकडा बसवावा लागला!

त्याच वर्षी पॅट्रिक क्रीडन यांचा ‘आय. ओ. यू. एस. ए.’ हा माहितीपट आला. ‘मी तुमचे देणे लागतो’ या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे आणि देशाचे नाव यांची ती कोटी आहे. त्याचे नायक डेव्हिड वॉकर हे १९९८ पासून दहा वर्षे त्या सरकारचे प्रमुख हिशेबतपासनीस होते. अंदाजपत्रकात तूट, बचतीत तूट, परदेशी व्यापारात तूट आणि नेतृत्वातही तूट, असे गावोगाव फिरून ते सांगत होते.

या कर्जाचा जन्म मात्र स्वातंत्र्ययुद्धातला. सैनिकांना पगाराऐवजी कागदी रोखे मिळाले होते. घरी पोटाची भ्रांत पडली, तेव्हा अनेकांनी ते मातीमोलाने विकले आणि व्यापाऱ्यांनी ते गोळा केले. १७९० साली अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी ठराव मांडला की, रोखा ज्याच्या हाती असेल त्याला पूर्ण रक्कम द्यावी आणि संस्थानांची युद्धकर्जेही मध्यवर्ती सरकारने पत्करावी. मॅडिसन म्हणाले, मूळच्या सैनिकालाही काही वाटा द्या. सभेने ते मानले नाही. सुमारे साडेसात कोटी डॉलरांचे कर्ज उभे राहिले. सरकारची पत जगात वधारली, आणि रक्त सांडणारा कोरडाच राहिला. हॅमिल्टन यांचा हिशेब बरोबर होता असे मलाही वाटते. पण न्याय मॅडिसन यांच्या बाजूला होता.

हे कर्ज एकदा, एकदाच, पुरते फिटले. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन हा तरुणपणी जमिनीच्या व्यवहारात दुसऱ्याच्या हुंड्यांपायी हात पोळून घेतलेला माणूस. जानेवारी १८३५ मध्ये त्याने खाते कोरे केले. पैसा आला जकातीतून आणि पश्चिमेकडील जमिनींच्या विक्रीतून. त्या जमिनींवरून मूळच्या रहिवाशांना कसे हुसकले गेले, ते मात्र जमाखर्चात दिसत नाही. १८३७ साली पेढ्या बुडाल्या, मंदी आली आणि सरकार पुन्हा कर्ज काढू लागले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण घरात शिकतो, आणि माहितीपटही राष्ट्राला तोच धडा देतो. पण राष्ट्राचे आयुष्य कुटुंबासारखे एका पिढीचे नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, अमेरिकेचे कर्ज वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाहूनही थोडे अधिक होते. १९७४ साली ते उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाच्याही आत आले. मुद्दल घटले का? मुळीच नाही, उलट वाढले! उत्पन्न त्याहून वेगाने वाढले, आणि महागाईनेही मुद्दलाची किंमत झिजवली. म्हणजे युद्धरोखे घेणाऱ्या सामान्य माणसाने नकळत आपल्या खिशातून त्याचा काही भाग फेडला.

मग वॉकर यांची चिंता खोटी म्हणावी काय? तसे नाही. १९४६ चे ओझे एका महायुद्धाचे होते. युद्ध संपले आणि खर्च ओसरला. २००१ नंतर अमेरिकेने दोन युद्धे आरंभली आणि त्याच काळात, २००१ व २००३ साली, कर उतरवले! युद्धाच्या काळात कर वाढवावेत, ही जुनी रीत. इथे लढाईचे बिल ज्यांना अजून मतही नाही त्यांच्या नावे लिहिले गेले. पुढे २००८ ची मंदी आली, २०२० ची महामारी आली. दोन्ही वेळी कर्ज काढणे भागच होते. पण सुगीच्या वर्षांतही तूट मिटली नाही.

२०२४ साली त्या कर्जाने ३५ लाख कोटी डॉलरांचा आकडा ओलांडला, आणि त्या आर्थिक वर्षात व्याजाचा खर्च संरक्षणखर्चाहून अधिक झाला. संरक्षणाच्या रकमेवर तिथल्या काँग्रेसमध्ये दरवर्षी वाद होतो, मते घेतली जातात. व्याजाची रक्कम मात्र कोणाचे मत न घेता आपोआप दिली जाते.