प्रोग्रॅमिंग भाषा : गुणदोषांचा वाद

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी माणसाने ज्या कृत्रिम भाषा रचल्या, त्यांपैकी सर्वांत कमी दोष कोणत्या भाषेत आहेत, यासंबंधी प्रोग्रॅमरांमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अव्याहत चालत आलेला वाद. गणितज्ञ, भाषांचे रचनाकार, कंपायलर (प्रोग्रॅमचा यंत्रभाषेत अनुवाद करणारा प्रोग्रॅम) लिहिणारे तंत्रज्ञ, विद्यापीठांतील अध्यापक आणि त्या भाषा रोजच्या कामात राबवणारे प्रोग्रॅमर असे नाना प्रकारचे पक्षकार या वादात उतरले असून, त्याचा अंतिम निवाडा झालेला नसला, तरी आज प्रचारात असलेल्या बहुतेक भाषांना त्यांचे सध्याचे रूप याच वादाने दिलेले आहे.

दोषाचे स्वरूप : नैसर्गिक भाषेतील अपवाद, विसंगती आणि संदिग्धता यांबद्दल कोणाही एका व्यक्तीस जाब विचारता येत नाही, प्रोग्रॅमिंग भाषेतील प्रत्येक नियम मात्र कोणी तरी, काही विशिष्ट हेतू मनाशी धरून, मुद्दाम घातलेला असतो, आणि म्हणूनच त्या नियमापायी होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उपस्थित होतो. तथापि ज्यांना सरसकट दोष म्हटले जाते ते सारे एका जातीचे नसतात, आणि त्यांची वर्गवारी न करता केलेली मोजदाद निष्फळ ठरते.

पहिला वर्ग शुद्ध चुकांचा. १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेची रचना करीत असताना टोनी होअर यांनी, कोणत्याही वस्तूकडे निर्देश न करणारा ‘नल’ हा रिक्त निर्देश तीत समाविष्ट केला, आणि त्याचे कारण एवढेच की तो अंमलात आणणे अतिशय सोपे होते. पुढे ही कल्पना सी++, जावा यांसारख्या अनेक भाषांत रूढ झाली आणि असंख्य प्रोग्रॅम चालता चालता कोसळण्यास कारणीभूत ठरली. २००९ मध्ये लंडन येथील एका परिषदेत होअर यांनी स्वतःच, ही आपली अब्ज डॉलरांची चूक होती, अशी जाहीर कबुली दिली.

दुसरा वर्ग तडजोडीच्या किमतीचा. डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, अत्यल्प मेमरी असलेल्या पीडीपी-११ यंत्रावर युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिता यावी म्हणून सी भाषा घडवली, आणि त्या परिस्थितीत ॲरेच्या, म्हणजे मेमरीत ओळीने मांडलेल्या घटकांच्या यादीच्या, सीमा प्रत्येक वेळी तपासत बसण्याचा खर्च भाषेने प्रोग्रॅमरावर लादला नाही. परिणामी सीमेबाहेर लिहिले तरी भाषा हरकत घेत नाही, आणि शेजारच्या मेमरीतील मजकूर निमूटपणे पुसला जातो. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ या घातक प्रोग्रॅमने ज्या वाटांनी शिरकाव केला, त्यांपैकी एक वाट ‘गेट्स’ या, येणाऱ्या मजकुराची लांबी न पाहताच तो साठवून घेणाऱ्या, सी भाषेतील प्रमाण फंक्शनाने मोकळी ठेवली होती. हे फंक्शन भाषेच्या प्रमाण आवृत्तीतून वगळले जाण्यास २०११ साल उजाडावे लागले. हॅस्केल या भाषेतील विलंबित मूल्यन, म्हणजे एखाद्या राशीची किंमत ती खरोखर लागेपर्यंत न काढण्याची पद्धती, हीदेखील अशीच तडजोड आहे. तिच्यामुळे रचनेला विलक्षण सौष्ठव येते, परंतु प्रोग्रॅम चालताना किती मेमरी व्यापील याचा अंदाज बांधणे निष्णात माणसालाही अवघड जाते.

तिसरा वर्ग वहिवाटीने कायम झालेल्या दोषांचा. सी भाषेत ‘&’ या चिन्हाची अग्रता ‘==’ च्या खाली राहिली, ती बी या पूर्वज भाषेतील प्रघातामुळे; ही गैरसोय रिची यांच्या ध्यानात आली तेव्हा त्या भाषेचा प्रसार मोजक्याच ठिकाणी झालेला होता, तरीही लिहून झालेले प्रोग्रॅम बिघडतील या भीतीने तो क्रम बदलला गेला नाही, आणि मूठभर लोकांच्या सोयीसाठी राखलेला तो नियम पुढे जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या वाट्याला आला. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या १० दिवसांत तयार केला; त्या भाषेच्या आरंभीच्या काळात शिरलेली ‘नल’ या मूल्याचा प्रकार ‘ऑब्जेक्ट’ सांगण्याची विसंगती, किंवा १, ९ आणि १० या संख्या क्रमाने लावावयास सांगितल्यास त्यांना अक्षरे समजून १, १०, ९ असा क्रम देण्याची रीत, आजही त्या भाषेत तशीच आहे, कारण ती दुरुस्त केल्यास पूर्वी लिहिलेली असंख्य संकेतस्थळे धोक्यात येतील.

चौथा वर्ग खोट्या आळाचा. बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही, आणि नवशिके प्रोग्रॅमर त्याबद्दल हाती असलेल्या भाषेस दूषण देतात. वस्तुतः द्विमान पद्धतीत ०.१ हा अपूर्णांक सांत रूपात लिहिताच येत नाही, आणि १९८५ मध्ये मान्य झालेल्या आयईईई ७५४ या प्रमाणानुसार चालणारी सर्व यंत्रे तेच उत्तर देतात. येथे भाषेस विचारावयाचा प्रश्न इतकाच, की तिने दशमान अंकगणिताची सोय ठेवली आहे किंवा नाही. कोबॉलने ती प्रथमपासून ठेवली, आणि बँकांच्या व विमा कंपन्यांच्या हिशेबात ती भाषा इतकी टिकून राहिली त्याच्या कारणांत हेही एक कारण आहे.

वादाचा इतिहास : आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी उपलब्ध झाली, तेव्हा मुख्य आक्षेप असा होता की यंत्राने केलेला अनुवाद कुशल माणसाने हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या वेगाशी बरोबरी करू शकणार नाही. तो आक्षेप अनुभवाने निकालात निघाला. परंतु चलाची आगाऊ नोंद करण्याची सक्ती नसल्यामुळे नावातील एखादे अक्षर चुकले तरी कंपायलर निराळा नवा चल गृहीत धरून पुढे जातो, हा खरा दोष त्यानंतर उघडकीस आला, आणि तो टाळण्याचा मार्ग फोर्ट्रान ९० च्या प्रमाण आवृत्तीत अधिकृतपणे मंजूर झाला.

जानेवारी १९६० मध्ये पॅरिस येथे युरोप व अमेरिका यांतील १३ तज्ज्ञांनी एकत्र बसून अल्गॉल ६० या भाषेचा मसुदा निश्चित केला, आणि पीटर नाउर यांनी संपादित केलेल्या अहवालात तिचे व्याकरण बॅकस यांनी सुचविलेल्या काटेकोर संकेतपद्धतीने मांडले गेले. आपल्या पूर्वीच्याच नव्हे तर नंतर झालेल्या बहुतेक भाषांपेक्षाही ही भाषा सरस आहे, असा अभिप्राय होअर यांनी पुढे दिला. अशा या भाषेत माहिती आत घेण्याची वा बाहेर देण्याची कोणतीही तरतूद नव्हती, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. रचनेतील शुद्धता आणि व्यवहारातील उपयुक्तता या दोन गुणांची सांगड आपोआप पडत नाही, याचा तो पहिला ठळक दाखला होय. तिची वारस म्हणून आद्रियान व्हान वाइनखार्डन यांनी सिद्ध केलेली अल्गॉल ६८ इतकी दुर्बोध ठरली, की डिसेंबर १९६८ मध्ये म्यूनिक येथे ती मंजूर होत असताना ती ठरवणाऱ्या समितीतील एड्सखर डाइक्स्ट्रा, होअर प्रभृती सदस्यांनी आपली भिन्नमतपत्रिका दप्तरी दाखल केली. या समितीपासून आधीच दूर झालेले निक्लाउस व्हिर्ट यांनी १९७० मध्ये पास्कल ही आटोपशीर व शिकवण्यास सोयीची भाषा प्रसिद्ध केली. परंतु तिच्यावरही ब्रायन कर्निहन यांनी १९८१ मध्ये सविस्तर टीका केली : ॲरेची लांबी हा त्याच्या प्रकाराचाच भाग मानल्यामुळे १० घटकांची यादी क्रमाने लावणारे फंक्शन २० घटकांच्या यादीस लागू पडत नाही, आणि ही अडचण ओलांडण्याची मुभा भाषा कोठेच देत नाही. ज्या कडक प्रकारशिस्तीमुळे पास्कल निर्धोक झाली, त्याच शिस्तीतून हा तिचा मुख्य दोष उद्भवला.

या काळातील टीकेचा सूर पुष्कळदा कठोर होता. डाइक्स्ट्रा यांनी मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात ‘गो टू’ या, प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे उडी घ्यावयास लावणाऱ्या आज्ञेचा धोका दाखवून दिला आणि १९७५ च्या एका टिपणात फोर्ट्रान, कोबॉल व बेसिक या तिन्ही भाषांची अत्यंत तीव्र शब्दांत संभावना केली. त्याहूनही उद्बोधक आहे ते रचनाकारांनी स्वतःच्या कृतीचे केलेले परीक्षण. बॅकस यांनी ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना १९७७ मध्ये, फोर्ट्रानपासून सुरू झालेली भाषांची अवघी परंपराच यंत्राच्या रचनेत जखडून पडली आहे, अशी कैफियत मांडली. आणि १९९३ मध्ये सी भाषेचा इतिहास सांगताना रिची यांनी ती विक्षिप्त, सदोष, तरीही प्रचंड यशस्वी असल्याचे मोकळेपणाने मान्य केले.

निर्दोषत्वाचे दावेदार : सर्वांत निर्दोष भाषेच्या पदावर निरनिराळ्या पक्षांनी निरनिराळ्या भाषांचा हक्क सांगितला आहे. स्कीम ही लिस्पच्या कुळातील भाषा १९७५ मध्ये गाय स्टील व जेराल्ड सस्मन यांनी एमआयटी येथे रचली. नवनव्या सोयींची भर घालीत जाण्याऐवजी त्या सोयींची गरज भासविणारी वैगुण्येच काढून टाकावीत, हे तिच्या रचनेचे तत्त्व, आणि १९९८ च्या अहवालात ही संपूर्ण भाषा सुमारे ५० पृष्ठांत सामावली. परंतु गाभा इतका लहान ठेवल्यामुळे व्यवहारास लागणाऱ्या सोयी ज्याने त्याने आपापल्या परीने पुरविल्या, आणि एका आवृत्तीत लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीत चालेल याची हमी उरली नाही. रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेपासून निघालेल्या स्टँडर्ड एमएलची व्याख्या १९९० मध्ये गणिती सूत्रांनी बांधली गेली. तिच्यातील तर्कशुद्धता वादातीत आहे, मात्र तिचा प्रसार विद्यापीठांच्या बाहेर फारसा झाला नाही.

पायथन या भाषेने सुबोध लेखनशैलीच्या बळावर फार मोठा वर्ग जिंकला. तिचे रचनाकार खीडो व्हान रॉसम व त्यांचे सहकारी यांनी जुने दोष दूर करण्यासाठी डिसेंबर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती काढली, ती जाणूनबुजून दुसरीशी विसंगत ठेवून; पूर्णांकांच्या भागाकाराचा नियम आणि मजकूर साठवण्याची पद्धती या दोन्ही बाबी तीत बदलल्या. दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी काढून घेण्यात आला, म्हणजे हे संक्रमण पुरी ११ वर्षे चालले. दोष माहीत असणे आणि तो दुरुस्त करता येणे यांत किती अंतर असते, हे या एका उदाहरणावरून कळून येते.

मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेली रस्ट ही भाषा अलीकडच्या वादात अग्रभागी आहे. मेमरीतील प्रत्येक वस्तूचा मालक एकच, आणि ती इतरांस किती मुदतीपर्यंत उसनी देता येते याचे नियम कंपायलर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच तपासतो, त्यामुळे सी भाषेतील मेमरीविषयक चुकांचा फार मोठा भाग लिहितानाच अडवला जातो. होअर यांचा रिक्त निर्देशही तिच्या नित्याच्या व्यवहारात नाही. तिच्याविरुद्धच्या तक्रारी अशा, की ती शिकण्यास कठीण आहे, तिचा कंपायलर सावकाश चालतो, आणि यंत्राच्या अगदी निकटचे काम करताना ‘अनसेफ’ हा परवाना घेऊन तिचे काही नियम बाजूस ठेवावे लागतात.

निकष व मूल्यमापन : भाषा चांगली असली म्हणजे काम निर्धोक झाले, हा समज टिकणारा नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अनेक मसुद्यांतून आवश्यकता निश्चित करून, स्पर्धा घेऊन, ज्याँ इश्बिया यांच्या चमूकडून एडा ही भाषा करवून घेतली, ती विश्वसनीयतेसाठीच. आणि तरीही ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला, त्याचे कारण एडामध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमातच होते. एरियान ४ साठी लिहिलेला तो भाग तसाच उचलला गेला होता. ६४ बिटांची एक राशी १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, आणि गणनयंत्रावरील भार कमी राखण्यासाठी त्या राशीवरील संरक्षण पूर्वीच वगळण्यात आलेले होते. भाषेने पहारा देऊ केला होता, तो माणसांनी उठवला.

परंतु यावरून भाषेचा काहीच संबंध नाही, सारे काही प्रोग्रॅमरच्या कौशल्यावर अवलंबून आहे, असे अनुमान काढणेही तितकेच चुकीचे होय. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, त्या कंपनीला दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षाविषयक उणिवांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापरातून उद्भवलेल्या होत्या. इतक्या अनुभवी माणसांच्या हातून तीच चूक वर्षानुवर्षे घडत असेल, तर तिचा ठपका केवळ माणसांवर ठेवणे न्यायाचे नाही; ज्या भाषेने ती चूक होऊ दिली आणि झाल्यावर मौन पाळले, त्या भाषेवरही तो ठेवला पाहिजे.

म्हणून भाषांची तुलना करताना दोष किती, यापेक्षा तो कोठे उघडकीस येतो आणि त्याची भरपाई कोणाकडून होते, हे पाहणे अधिक योग्य. कंपायलरच्या हटवादीपणाने प्रोग्रॅमरचा एक दुपारचा वेळ गेला, तर नुकसान त्याचे, आणि तेही त्याच्या डोळ्यांसमोर. तोच दोष प्रोग्रॅममध्ये दडून राहिला, तर त्याची झळ ज्याने ती भाषा कधी ऐकलीही नाही अशा खातेदारास, रुग्णास वा प्रवाशास लागते. या कसोटीवर, कार्यप्रणाली आणि जाळ्यावर उघडे राहणारे प्रोग्रॅम यांसारख्या नव्या कामासाठी, मेमरीची शाश्वती देणाऱ्या भाषांचा दावा सी व सी++ यांच्यापेक्षा निःसंशय बळकट आहे. शास्त्रीय गणितात फोर्ट्रान आणि प्राथमिक शिक्षणात पायथन यांचे स्थान त्यामुळे डळमळीत होत नाही, कारण तेथे दोषांची जात व किंमत निराळी आहे. सर्व कामांसाठी सर्वांत निर्दोष अशी एकच भाषा नाही. ज्या भाषेचे दोष ज्ञात आहेत, लिहितेवेळीच नजरेस येतात आणि लिहिणाऱ्याच्या पलीकडे कोणास भोवत नाहीत, ती भाषा त्या कामापुरती श्रेष्ठ समजावी; आणि ज्या भाषेत आपण स्वतः एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही, तिच्याविषयी निवाडा देण्याचे प्रत्येक प्रोग्रॅमरने टाळावे.