खाचांची पट्टी

दवाखान्यात जाताना घरची रिकामी बाटली धुऊन न्यायची, हे रत्नागिरीत सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. डॉक्टर तपासून चिठ्ठी लिहीत आणि ती कंपाउंडरकडे जाई. तो बरण्यांतून मापून मिक्श्चर भरी, बूच लावी. मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीने तिच्या कडेला खाचा पाडी आणि ती बाटलीला खळीने चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही किती प्यायचं ते बोट फिरवून कळे.

या पट्टीचा मागोवा घेत गेलं तर आपण घरातल्या सहाणेपाशी पोहोचतो. बाळगुटीत हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ असायचं. पण कशाचे किती वळसे, हे त्या दिवशीच्या बाळाच्या पोटावर ठरे. शी घट्ट झाली तर हिरड्याचा वळसा वाढवत, पोट बिघडलं तर जायफळाचा. वैद्यही तीच मात्रा कुणाला मधातून, कुणाला तुपातून, कुणाला आल्याच्या रसातून देत. गुटीतलं सगळं आज द्यावं असं मी म्हणणार नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला नकोच. पण माणूस पाहून औषध बेतायची बुद्धी तिथे पक्की होती.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि तिथून शिकलेल्या डॉक्टरांबरोबर ग्रेन, ड्रॅम, औंस ही मापं आपल्याकडे रुळत गेली. कंपाउंडरचं काम वरून दिसे तेवढं सोपं नव्हतं. क्विनाइन सल्फेट पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यात सौम्य गंधकाम्ल घालावं लागे. त्याच बाटलीत चुकून क्षार पडला तर क्विनाइन पुन्हा वेगळं होऊन तळाशी बसे. वरचे डोस फिके आणि शेवटच्या खाचेत सगळं कडू विष. ‘बाटली हलवून घ्यावी’ ही सूचना उगाच लिहिलेली नसे.

कोकणच्या दमट हवेत गजकर्ण फार. त्यावरचं मलम दवाखान्यातच घोटत. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्थर व्हिटफील्ड यांच्या नावाचं हे मलम म्हणजे शंभर भागांत सहा भाग बेन्झॉइक आम्ल आणि तीन भाग सॅलिसिलिक आम्ल. दोन्हींची खलात मऊ पूड करायची, काचेच्या पाटीवर घ्यायची, आधी चिमूटभर व्हॅसलिनमध्ये पात्याने रगडायची आणि मग दर वेळी आहे तेवढंच आणखी व्हॅसलिन मिसळत जायचं. एकदम ओतलं तर गुठळ्या राहतात आणि त्या जागी कातडी भाजते. नाजूक जागेसाठी किंवा लहान मुलासाठी डॉक्टर निम्म्या ताकदीचं लिहीत. आज दुकानात स्टिरॉइड घातलेल्या तयार ट्यूब मिळतात. खाज दोन दिवसांत थांबते, गजकर्ण आतून पसरत राहतं. मला त्या जुन्या पाटीची किंमत इथे कळते.

या पद्धतीत खोट नव्हती असं नाही. भेसळ आणि अर्धवट शिकलेले हात यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली. त्यातून १९४० चा औषध कायदा आला. १९४८ च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचं औषध मिसळून देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवलं. पण त्याच सुमारास कारखाने उभे राहिले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आलं. शुद्ध, मोजलेली, सीलबंद औषधं स्वस्तात मिळू लागली. लाखो जीव त्यांनी वाचवले, हे मान्यच. खल मात्र माळ्यावर गेला.

कारखान्यातून आलेलं औषधही डोळे मिटून घेऊ नये, हे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिसलं. डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने तिथे चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने सगळी साखळी उघडी केली. औषध कुठेही मिसळा, कच्चा माल तपासलाच पाहिजे.

तरीही काही माणसं कारखान्याच्या मापात बसत नाहीत. हृदयाचा दोष घेऊन जन्मलेल्या तीन किलोच्या बाळाला ३ मिलिग्रॅम औषध हवं आणि गोळी २५ मिलिग्रॅमची, तेव्हा आई ब्लेडने गोळीचे आठ तुकडे करते. एक तुकडा मोठा होतो, एकाचा भुगा होतो. फार्मासिस्टने तीच गोळी २५ मिलिलिटर योग्य द्रवात मिसळून दिली तर ३ मिलिलिटर सिरिंजने मोजता येतं. कोणतं औषध द्रवात टिकतं आणि कोणतं पाण्यात लवकर बिघडतं, हे त्याने शिकलेलं असतं. उदाहरणार्थ, कॅप्टोप्रिल हे हृदयाचं औषध पाण्यात लवकर बिघडतं. नळीतून अन्न घेणारी आजी, रंगाची ॲलर्जी असलेला मुलगा, साखरेचं सिरप न चालणारा मधुमेही, यांनाही असंच बेतलेलं औषध लागतं.

रत्नागिरीत शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. फार्मसीची मुलं प्रात्यक्षिकांत आजही मलम घोटतात, सस्पेन्शन करतात आणि नोकरीला लागली की दुकानात पट्ट्या मोजून देतात. मिलिग्रॅम दाखवणारा काटा, स्वच्छ स्वतंत्र खोली, कुठल्या बॅचचा माल कुणाला कधी दिला याची वही आणि दोघांनी तपासायची रीत, एवढ्यावर असं बेतलेलं औषध देण्याची सुरुवात होऊ शकते. ती जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षापासून व्हावी.