सर्वांनी मिळून पाहण्याचा चित्रपट: प्रमाणपत्राचा शतकभराचा प्रवास

1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि नंदुरबार परिसर मुंबई इलाख्यातील पश्चिम खानदेशात गेला. हा भाग मुंबई इलाख्यात असल्याने 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि त्यानुसार 1920 मध्ये मुंबईत स्थापन झालेले परीक्षण मंडळ यांचा अंमल येथे येणाऱ्या चित्रपटांवर राहिला. त्या मंडळाच्या प्रमाणपत्रात वयाचा भेद नव्हता. चित्रपट एकतर सर्वांसाठी मंजूर होई, नाहीतर कोणासाठीच होत नसे. सरकारची खरी धास्ती राजकीय असंतोषाची होती, आणि 1921 च्या ‘भक्त विदुर’ या चित्रपटावर कराची व मद्रास येथे बंदी आली ती त्यातील विदुरात गांधीजींचे रूप दिसल्यामुळे. पडद्यावरील दृश्याने मूल घाबरेल का, हा प्रश्न त्या व्यवस्थेत मध्यवर्ती नव्हता.

मुलांचा हा प्रश्न कायद्यात आला तो 1949 च्या दुरुस्तीने. तिने ‘यू’, म्हणजे सर्वांसाठी खुला, आणि ‘ए’, म्हणजे केवळ प्रौढांसाठी, असे दोन वर्ग केले आणि 1952 च्या कायद्याने ते कायम ठेवले. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात चित्रपट पोचत असे तो मुख्यतः टुरिंग टॉकीजमधून, म्हणजे जत्रेच्या वा बाजाराच्या गावी तंबू ठोकणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहातून. तेथे कडेवरच्या मुलापासून आजीपर्यंत सारे घर एकत्र बसे. मुलाला रडू आले तर आई त्याला घेऊन तंबूबाहेर येई, आणि दृश्य सोसवते की नाही याचा निवाडा प्रमाणपत्राच्या शिक्क्याची वाट न पाहता तिथल्या तिथे होई. हा निवाडा अडाणीपणाचा मानणे अन्यायाचे आहे, कारण प्रमाणपत्र देणाऱ्याला न दिसणारे ते विशिष्ट मूल आईच्या डोळ्यांसमोर असे.

1983 मध्ये ‘यूए’ हा मधला वर्ग आला, ज्यात बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन अपेक्षित होते. त्याच वर्षी प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले. 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य व भीषणता यांना मनाई केली आणि चित्रपट त्याच्या एकूण परिणामावरून तोलावा असे सांगितले. जिवावर बेतलेल्या संकटातून तगण्याची धडपड हाच ज्यांचा विषय, त्या सर्व्हायव्हल चित्रपटांच्या बाबतीत हे एकूण परिणामाचे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे ठरते, कारण त्यांत बहुधा खलनायक नसतो, शिवी वा शृंगारही फारसा नसतो, आणि तरीही प्रेक्षक दोन तास श्वास रोखून बसतो. ‘ट्रॅप्ड’ (2017) मध्ये मुंबईतील रिकाम्या इमारतीत कोंडला गेलेला तरुण पाणी व अन्नाशिवाय जगण्यासाठी झगडतो. ‘पीहू’ (2018) मध्ये दोन वर्षांची मुलगी मृत आईच्या शेजारी एकटी उरते आणि घरातील साध्या वस्तूच तिच्या जिवाला धोका होतात. पहिल्या चित्रपटातून किशोरवयीन मुलाला धीर व युक्ती यांचे मोल कळू शकते, तर दुसऱ्यात संकटात सापडलेले मूल पाहणाऱ्या बालकासारखेच लहान असल्याने, आणि आईचे छत्र हरपण्याची त्याची सर्वांत खोल भीती तेथे प्रत्यक्ष घडत असल्याने, रक्तपात न दिसताही आघात मोठा होतो. दृश्ये मोजून दिलेला शिक्का हा फरक पुरता सांगू शकत नाही.

2023 च्या दुरुस्तीने ‘यूए’चे 7, 13 व 16 वर्षे असे टप्पे केले, आणि ते पालकांच्या माहितीसाठी असून त्यांची अंमलबजावणी पालकांखेरीज कोणी करू नये, असेही स्पष्ट केले. कायद्याने निर्णय अशा प्रकारे घराकडे सोपवला, त्याच काळात चित्रपट तंबू व चित्रपटगृह सोडून हातातील मोबाईलवर आला. गावातील मूल आता तो अनेकदा एकटेच पाहते आणि त्याला बाहेर घेऊन जाणारे शेजारी कोणी नसते. म्हणून संकटात कोण आहे, यातना किती वेळ चालते आणि शेवटी सुटका होते की नाही, हे पालकांनी आधी स्वतः चित्रपट पाहून ठरवावे. ‘ट्रॅप्ड’ मोठ्या मुलांसोबत बसून पाहावा, आणि ‘पीहू’ लहान मुलांना दाखवू नये.