खणणं आणि थांबणं

रायगडावरच्या उत्खननाची बातमी आली की माझ्या पुतण्या-भाच्यांचे फोन सुरू होतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये गडावर सोन्याची बांगडी सापडली तेव्हा आले. २०२५ मध्ये यंत्रराज हे ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायचं जुनं उपकरण सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा परत आले. प्रश्न सगळ्यांचा एकच. "काका, एवढं सापडतंय, तर सगळा गड एकदाच का नाही मोकळा करत?"

प्रश्न रास्त आहे. पण फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून इथे लिहितो. मी काही पुरातत्त्वज्ञ नव्हे. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे उत्खननाबद्दल मिळेल ते वाचायची सवय लागली, इतकंच.

आपण महाडकर 'रायगड' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे १६७४ सालचा राज्याभिषेक असतो. जमिनीला मात्र एकच साल ठाऊक नसतं. आधी तिथे मोऱ्यांची रायरी होती, ती १६५६ मध्ये महाराजांकडे आली. मग राजधानी झाली. १६८९ मध्ये गड मोगलांनी घेतला. त्यानंतर तो बराच काळ सिद्दीकडे होता. १७३३ मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आला आणि पेशवाई संपेपर्यंत राहिला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या, वर आग लागली आणि लाकडाचं जेवढं होतं ते जळून गेलं. आज आपण पाहतो ती बहुतेक दगडी जोती. त्यांच्यावर लाकडाचे खांब, वर कौलं असं काय काय होतं, हे आता मातीलाच विचारायचं.

आणि गडावर माती आहे तरी किती? हात-दोन हात खाली गेलं की काळा कातळ लागतो. म्हणजे एवढा सगळा इतिहास थोड्याशा मातीत दाबून बसलेला. मैदानातल्या एखाद्या पांढरीच्या टेकाडात हजार-दोन हजार वर्षं वीस-पंचवीस फूट जाडीत पसरलेली असतात, तिथे कुदळीचा एक घाव जास्त पडला तर निभावतं. इथे त्याच घावात पेशवाई उडून जाईल.

म्हणून उत्खननाचं रोजचं काम फार सावकाश चालतं. आधी खुंट्या ठोकून सुतळीने चौकोन आखतात. दोन चौकोनांच्या मध्ये हात-दोन हात रुंदीची माती मुद्दाम न खणता भिंतीसारखी उभी ठेवतात. खणलेली माती गेली की थर दाखवायला ही भिंतच उरते, तिच्यावर थरांच्या रेघा दिसतात. ही पद्धत आपल्याकडे रुजवली मॉर्टिमर व्हीलर यांनी, १९४४ ते १९४८ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख असताना.

मग खणणं. कुदळ हलक्या हाताने, पुढे खुरपं, शेवटी ब्रश. मातीचा रंग बदलला, भुसभुशीत होती ती टणक लागली, की हात थांबवायचा. हा नवा थर आहे का, का कुणी मागाहून खड्डा खणून बुजवला होता? का उंदराचं बीळ? हे ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही. निघालेली माती चाळायची. खापरं धुऊन वाळत घालायची, चौकोनाप्रमाणे आणि थराप्रमाणे वेगवेगळी. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: चौकोन कुठला, थर कुठला, किती खोलीवर, तारीख काय. संध्याकाळी वहीत नोंद, मोजमापं, चित्र. बांगडी वर्षातून एखाद्या दिवशी सापडते, वही रोज लिहावी लागते!

चिठ्ठीचं एवढं काय, असं वाटेल. शिवराईचं उदाहरण घ्या. शिवराई सापडली की आपण लगेच म्हणतो, महाराजांचं नाणं. पण शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या आणि नंतरही चलनात होत्या. नुसत्या नाण्यावरून काळ ठरवणं कठीण. ते १८१८ च्या राखेच्या वर होतं की खाली, जमिनीच्या चोपणीत रुतलेलं होतं की वरून पडलेल्या मलब्यात, यावर सगळं अवलंबून. जळका थर म्हणजे इतिहासाने स्वतः तारीख घालून ठेवलेलं पान. कुणी "मोकळं करायचं" म्हणून ती राख फावड्याने ओढून टाकली, तर खालचं जोतं छान दिसेल, फोटोही छान येतील, पण ते कधीचं हे सांगणारा साक्षीदार गेलेला असेल.

खरा पेच पुढेच आहे. समजा, खणताना पेशवाईतली फरशी लागली. तिच्याखाली शिवकालीन जमीन असण्याची शक्यता आहे. आता काय करायचं? खाली जायचं तर वरची फरशी मोडावी लागते, आणि मोडलेली फरशी परत बसवता आली तरी तिच्यातला पुरावा परत येत नाही. न मोडावी तर सगळ्यांना जे बघायचंय ते खालीच राहतं. अशा वेळी सहसा एका कोपऱ्यात लहानसा चर घेऊन खाली डोकावतात आणि बाकीची फरशी तशीच ठेवतात. बाहेरच्याला हे अर्धवट काम वाटतं. मला हा त्यातला सर्वात शहाणा निर्णय वाटतो. उद्याच्या माणसाकडे आजच्यापेक्षा चांगली साधनं असतील, त्याच्यासाठीही काही न खणलेलं राहिलं पाहिजे.

म्हणजे खाली कधीच जायचं नाही, असं मात्र नाही. घोड नदीकाठचं इनामगाव, शिरूर तालुक्यातलं. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी तिथे १९६८ ते १९८३ असे बारा हंगाम उत्खनन केलं. एक-दोन खोल चरांवर न थांबता गाव आडवं उघडायचं त्यांनी ठरवलं, म्हणून सव्वाशेहून अधिक घरांची वस्ती समजली. इ. स. पूर्व १६०० ते ७०० चा हा गाव. तिथे मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडायची चाल होती. पण गावातल्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला, त्यात बसवून पुरलेला माणूस, पावलं शाबूत. एवढं मिळाल्यावर कुणीही खूश होऊन थांबलं असतं. ते आणखी खाली गेले, तर तसाच दुसरा रांजण, आत सांगाडाच नाही! कुणी प्रमुख परगावी वारला असेल आणि त्याच्या नावाने रिकामा रांजण पुरला असेल, असा तर्क करतात. कधी थांबायचं आणि कधी खाली जायचं, हे दोन्ही कळावं लागतं.

आता आपल्या घरची गोष्ट. महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची, आत ब्राह्मी शिलालेख. भिक्खू राहत होते म्हणजे भिक्षा घालणारं गाव जवळपास असणारच. ते कुठे गेलं? सावित्रीच्या गाळाखाली किंवा आपल्याच घरांच्या पायाखाली असेल. आणि महाड-पोलादपुरात आज पाया खणतो तो जेसीबी. पुरातत्त्वज्ञ जेवढं एका हंगामात खणतात, तेवढं तो चहाच्या आधी उचलतो.

तेव्हा पोलादपूरच्या आमच्या मंडळींना एक विनंती. पाया खणताना विटा, खापरं, राखेचा पट्टा दिसला, तर नाणं शोधायला हात घालू नका. काम तेवढ्यापुरतं थांबवा, मोजपट्टी ठेवून फोटो काढा, तहसीलदारांना कळवा. जमिनीत धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं १८७८ चा कायदाच सांगतो. घर महिनाभर उशिरा होईल, हे मला कळतं. पावसाळा तोंडावर असला तर जीव टांगणीला लागतो, तेही कळतं. तरी थांबा. घर पुढच्या वर्षीही बांधता येईल, ती माती पुन्हा खणता येणार नाही.

असो. लेख लांबला. गांधारपाल्याच्या शिलालेखात काय आहे, ते पुढच्या खेपेला.